रोग कोणाचा, आणि सांगायचे कोणाला?

रोग रोग्याच्या शरीरात असतो. परंतु त्याची वार्ता बहुधा रोग्यापाशी सर्वांत शेवटी पोहोचते, किंवा पोहोचतच नाही. गाठीचा तुकडा तपासून आला की डॉक्टर रोग्याला बाहेर बसवतात आणि त्याच्या मुलाला किंवा तिच्या नवऱ्याला आत बोलावतात. दार बंद होते. आत काय बोलणे झाले, हे बाहेर येणाऱ्याच्या चेहऱ्यावरून रोग्याने ओळखायचे असते. ‘काही नाही, थोडी सूज आहे, औषधाने उतरेल,’ एवढे सांगून घरची मंडळी त्याला एस.टी. स्टँडकडे घेऊन जातात. हा प्रकार इतका नित्याचा झाला आहे की त्यात काही अन्याय आहे, असे कोणाला वाटतही नाही. उलट, त्याला माणुसकीचे आणि कुटुंबवत्सलतेचे नाव दिले जाते. या नावाखाली प्रत्यक्षात काय घडते, हे तपासून पाहिले पाहिजे. डॉक्टरांची वाणी मृदू आहे की कठोर, एवढ्यापुरता हा प्रश्न मर्यादित नाही. माणसाच्या शरीराविषयीच्या माहितीवर मालकी कोणाची, हा त्याचा गाभा आहे.

न सांगण्याच्या बाजूने जे युक्तिवाद केले जातात, ते उडवून लावण्यासारखे नाहीत. वाईट बातमीने रोगी खचेल, त्याची जगण्याची उमेद जाईल, हा पहिला. आपल्याकडे माणूस एकटा नसतो, निर्णय कुटुंब मिळून घेते, तेव्हा कुटुंबाला सांगितले म्हणजे रोग्याला सांगितल्यासारखेच आहे, हा दुसरा. अडाणी माणसाला वैद्यकातले काय कळणार, हा तिसरा. तो सहसा उघड बोलला जात नाही, पण सर्वांत प्रभावी तोच असतो.

यांतील पहिल्या दोहोंत तथ्याचा अंश आहे. वाईट बातमीने धक्का बसतोच, आणि दुखण्यात माणसाला घरच्यांचा आधार लागतोच. परंतु बातमी लपवल्याने धक्का टळतो, हे मात्र खरे नव्हे. तो पुढे ढकलला जातो, एवढेच. कुजबुज, अकस्मात भेटीला येणारे पाहुणे, गावाकडून बोलावून घेतलेली लेक, केसपेपरावर लिहिलेले वॉर्डाचे नाव यांवरून रोगी सर्व काही ओळखतो. मग घरात दोन नाटके एकाच वेळी सुरू होतात: घरचे काहीच नसल्याचे सोंग करतात आणि रोगी काहीच न कळल्याचे. ज्या दिवसांत मनातले बोलायचे, कोणाची क्षमा मागायची, कोणाला काही सोपवायचे, ते दिवस या सोंगात जातात.

आणि कुटुंब म्हणजे तरी कोण? स्तनात गाठ असलेल्या बाईच्या बाबतीत कुटुंब म्हणजे तिचा नवरा आणि सासरा. मुंबईला न्यायचे की नाही, त्यासाठी किती खर्च करायचा, ‘या वयात कशाला’ म्हणून सोडून द्यायचे का, हे सारे तिच्या जिवाविषयीचे निर्णय तिच्यामागे होतात. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. आजार बरा होण्याजोगा राहिलेला नाही, हे त्याला सांगितलेले नसते. म्हणून तो मुलांना अडवत नाही, आणि मुले लाजेकाजेस्तव दीड एकर विकून मोकळी होतात. त्याला खरे कळले असते, तर ‘जमीन विकू नका, मला घरी न्या,’ असे तो कदाचित म्हणाला असता. ते म्हणण्याची संधी त्याला कोणी दिली नाही. कुटुंबातही सत्ता असते, आणि माहिती ज्याच्या हाती तो त्या सत्तेचा मालक, एवढी साधी गोष्ट येथे विसरली जाते.

पाश्चात्त्यांचे सांगणे, आपले लपवणे?

स्पष्ट सांगणे ही पाश्चात्त्य रीत आहे, आपल्या संस्कृतीला ती मानवणार नाही, असेही म्हटले जाते. इतिहास काही वेगळेच सांगतो. १९६१ साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ९० टक्के डॉक्टर कर्करोगाच्या रोग्याला निदान न सांगण्याकडे झुकणारे होते, आणि त्यांची कारणे आपल्याकडे दिली जातात तीच होती. १९७९ साली त्याच नियतकालिकात तशीच दुसरी पाहणी आली. तीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती बदलली नव्हती. उपचार सुधारले होते, हे एक कारण. दुसरे असे की, मधल्या काळात नागरी हक्कांच्या, स्त्रियांच्या आणि ग्राहकांच्या चळवळींनी अधिकाराच्या प्रत्येक आसनाला जाब विचारला होता. १९७२ साली तेथील न्यायालयाने उपचारातील धोके रोग्याला सांगणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरवले आणि १९७३ साली रुग्णालयांच्या संघटनेला रोग्यांच्या हक्कांची सनद काढावी लागली. तात्पर्य, डॉक्टरांनी सांगणे हे संस्कृतीतून आपोआप उगवत नाही. मागणी झाली म्हणजे ते घडते.

आपल्याकडे नियम काय म्हणतो? भारतीय वैद्यक परिषदेने २००२ साली केलेल्या आचारसंहितेत, रोगाचे गांभीर्य वाढवून सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे बजावले आहे. हे उत्तम. पण पुढे असे आहे की, रोग्याला, त्याच्या नातलगांना किंवा त्याच्या जबाबदार मित्रांना स्थितीचे पुरेसे ज्ञान होईल, हे डॉक्टरने पाहावे. या वाक्यातील ‘किंवा’ हा शब्द फार महागात पडतो. त्या एका अव्ययाच्या आधाराने स्वतः रोग्याला वगळूनही नियमाचे पालन झाले, असे म्हणता येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नव्या आयोगाने दुसरी नियमावली काढली. परंतु काही आठवड्यांतच ती स्थगित झाली आणि २००२ ची संहिताच पुन्हा लागू राहिली.

शांतपणे कामावर राहावा म्हणून

न सांगण्यातील दयेचे खरे स्वरूप पाहायचे असेल, तर घरातून बाहेर पडून कारखान्यात गेले पाहिजे. १९४९ साली कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणीत व गिरणीत काम करणाऱ्या सातशेहून अधिक कामगारांची क्ष-किरण चित्रे जॉन्स-मॅनव्हिल कंपनीच्या डॉक्टरने तपासली. काहींच्या फुप्फुसांत अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंनी केलेली, कधीही भरून न येणारी इजा दिसत होती. त्याने आपल्या अहवालात लिहिले की, माणूस जोवर धडधाकट आहे आणि घरी व कामावर समाधानात आहे, तोवर त्याला हे सांगू नये. म्हणजे तो शांतपणे जगेल आणि कंपनीलाही त्याच्या अनुभवाचा लाभ होत राहील. पुढे अमेरिकेतील न्यायालयांत कामगारांचे दावे उभे राहिले, तेव्हा हा कागद उजेडात आला. दाव्यांचा भार इतका वाढला की १९८२ च्या ऑगस्टमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

त्या डॉक्टरची भाषा नीट पाहावी. ‘शांतपणे जगू द्या’ हेच शब्द घरचे लोकही वापरतात. फरक इतकाच की येथे शांततेचा नफा कोणाला होणार, हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले. कामगाराला कळले असते तर त्याने खाते बदलून मागितले असते, तोंडाला फडके नव्हे तर धूळ ओढून घेणारे यंत्र मागितले असते, भरपाई मागितली असती आणि शेजारच्या कामगाराला सावध केले असते. निदान लपवले की या चारही गोष्टी टळतात.

मुंबईच्या गिरणगावाला हे निराळे सांगावयास नको. कापूस पिंजण्याच्या आणि कार्डिंगच्या खात्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगाराची छाती सुटीनंतर सोमवारी कामावर गेल्यावर आवळू लागते. बिसिनोसिस या धंदेवाईक रोगाची ही ओळखीची खूण. पण कागदावर बहुधा ‘दमा’, ‘खोकला’, ‘ब्राँकायटिस’ एवढेच येई. दगडखाणीतील आणि दगड भरडणाऱ्या यंत्रांवरील मजुराला सिलिकोसिस झाला तरी त्याला क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. येथे शब्दाला पैशाचे मोल आहे: दम्याला भरपाई नाही, बिसिनोसिसला आहे. रोगाचे खरे नाव रोग्याला न सांगणे म्हणजे त्याच्या खिशातून भरपाई काढून घेणेच होय.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही, असे नाही. मात्र जे केले ते एका संहारानंतर केले. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरच्या रात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. हजारो माणसे डोळे चोळत, धापा टाकत रुग्णालयांत येत होती आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच वायूची व त्याच्या परिणामांची पुरी माहिती नव्हती. कारण कंपनीने ती दिली नव्हती. डॉक्टर आणि रोगी दोघेही एकाच अंधारात होते. त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन घातक पदार्थांची माहिती उघड करणे, त्यांच्याशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे व त्या कामगारांना पाहू देणे मालकांवर बंधनकारक झाले. १९९५ च्या जानेवारीत अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग ठरवला. त्याच्या आरोग्याच्या नोंदी नोकरीच्या प्रारंभापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपण्याचा आदेशही दिला. भोपाळच्या वायुपीडितांना मात्र प्रत्येकी आरोग्यपुस्तिका मिळावी, असे न्यायालयाला २०१२ साली सांगावे लागले. म्हणजे दुर्घटनेनंतर तब्बल अठ्ठावीस वर्षांनी.

फॅक्टरी कायद्याची जागा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने घेतली आहे. २०२० साली संमत झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेविषयी कामगार संघटनांचे जे आक्षेप आहेत, ते आहेतच. परंतु आपल्या सुरक्षेची व आरोग्याची माहिती मालकाकडून मिळवण्याचा कामगाराचा हक्क तीतही नोंदलेला आहे, आणि अधिसूचित धंदेवाईक रोग आढळल्यास डॉक्टरने तो सरकारला कळवावा, अशी तरतूदही आहे. सरकारला कळवायचे ते प्रथम कामगाराला कळवावे, ही साधी गोष्ट संघटनेने आग्रहाने वसूल करावयाची आहे.

भीतीचा व्यापार

लपवणे ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आहे भिववण्याची, आणि ती अधिक फायद्याची आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे दर सहा स्त्रियांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

या स्त्रिया पांढरे जाते, अंगावरून जास्त जाते, ओटीपोटात दुखते अशा तक्रारी घेऊन गेल्या होत्या. ‘पिशवी खराब झाली आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल,’ हे वाक्य त्यांच्यातील अनेकींनी ऐकले. ज्या बाईला एका दिवसाचा खाडा परवडत नाही, जिच्या डोक्यावर मुकादमाची उचल आहे, जिला फडावर ना न्हाणीघर ना संडास, तिला दर महिन्याची कटकट कायमची मिटवण्याचा हा सल्ला पटतो, यात तिचा दोष नाही. परंतु साध्या औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांतले अंतर तिला कोणी सांगितले नाही. ऐन तिशीत पिशवी, आणि पुष्कळदा तिच्याबरोबर अंडाशयेही, काढल्यावर हाडे व पाठ कशी धरते, अंगातून वाफा कशा निघतात, हेही सांगितले नाही. तिला ‘माहिती’ जरूर दिली गेली. पण ती तिच्या शस्त्रक्रियेचे बिल होईल अशा बेताने दिली गेली.

सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी नेमक्या अशाच शस्त्रक्रियेच्या प्रकरणात संमतीचा अर्थ सांगितला आहे. उपचार कोणता, कशासाठी, त्याला पर्याय कोणते, धोके कोणते आणि नकार दिल्यास काय होईल, हे कळल्यावर दिलेली संमती ती खरी संमती. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. आणि रोगी सज्ञान असून जिवाला तातडीचा धोका नसेल, तर आईने दिलेली संमतीदेखील चालत नाही. कोऱ्या छापील कागदावर घाईघाईने उमटवलेल्या अंगठ्याची या कसोटीवर किंमत शून्य आहे. अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत, असा आदेशही २०२३ च्या एप्रिलमध्ये याच न्यायालयाने दिला.

लपवणारा आणि भिववणारा हे दोघे वरवर परस्परविरुद्ध भासतात. तथापि दोघांची कृती एकच: रोग्याला विचार करण्यास पुरेल एवढे ज्ञान न देणे. ज्याच्याकडून पैसा निघण्यासारखा नाही, त्याला सांगितले जात नाही. ज्याच्याकडून निघेल, त्याला घाबरवले जाते.

दोन मिनिटांत काय सांगणार?

हे सारे डॉक्टरांच्या माथी मारून मोकळे होणे मात्र अन्यायाचे होईल. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात जगभरातील प्राथमिक उपचारांच्या भेटींचा आढावा प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये डॉक्टर एका रोग्याला सरासरी साडेबावीस मिनिटे देतो. भारतात ही भेट सुमारे दोन मिनिटांची आढळली. ज्या निवासी डॉक्टरच्या दाराशी सकाळपासून शंभर माणसांची रांग आहे, जो आदल्या रात्रीही ड्यूटीवर होता, त्याने दोन मिनिटांत ‘तुम्हाला कर्करोग आहे’ हे कोणत्या सुरात सांगावे? सरकारी रुग्णालयातील तुटकपणा हा पुष्कळदा स्वभावाचा नव्हे, तर रिकाम्या ठेवलेल्या जागांचा आवाज असतो.

भाषेचीही अडचण आहे. डॉक्टर इंग्रजीत शिकतो, अहवाल इंग्रजीत येतो आणि रोगी अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणारा असतो. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे चांगले, असे समजून आनंदाने घरी गेलेला माणूस सापडणे दुर्मीळ नाही. आणि वाईट बातमी सांगावी कशी, हे वैद्यकीय महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेच जात नव्हते. संवाद आणि नीती हा विषय पदवीच्या अभ्यासक्रमात रीतसर आला तो २०१९ च्या तुकडीपासून.

वास्तविक ही कला शिकता येते. २००० साली कर्करोगाच्या डॉक्टरांसाठी सहा पायऱ्यांची एक रीत मांडली गेली आणि ती आज जगभर शिकवली जाते. प्रथम एकांत आणि बसायला जागा असावी. मग रोग्याला आधीच काय ठाऊक आहे, हे विचारावे. किती जाणून घ्यायची इच्छा आहे, हे विचारावे. मग सोप्या शब्दांत, थोडे थोडे सांगावे. रडू आले तर थांबावे. आणि शेवटी पुढे काय करायचे, ते दोघांनी मिळून ठरवावे. यांतील तिसरी पायरी महत्त्वाची आहे. सत्य तोंडावर फेकणे म्हणजे सत्य सांगणे नव्हे. एखादा रोगी म्हणेल, ‘मला काही सांगू नका, माझ्या मुलीशी बोला.’ तोही त्याचा हक्कच आहे. फक्त तो निर्णय त्याचा असावा. त्याच्या वतीने परस्पर घेतलेला नसावा.

हे महागडे आहे, गरीब देशाला परवडणार नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर आपल्याच देशात आहे. एचआयव्हीच्या बाबतीत भारत सरकारने सरकारी रुग्णालयांत समुपदेशक नेमले, चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर एकांतात बोलण्याची रीत घातली. २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, या समुपदेशनाला आणि गुप्ततेला कायद्याचा आधार मिळाला. ज्या रोगाचे नाव घेण्यास समाज धजत नव्हता, त्याची बातमी तालुक्याच्या रुग्णालयातही माणुसकीने सांगता आली. मग कर्करोग, मूत्रपिंडाचा विकार, सिलिकोसिस यांनीच काय पाप केले आहे? येथे पैशापेक्षा दबाव कमी पडतो आहे. एचआयव्हीबाधितांनी संघटित होऊन मागितले. इतर रोगी अजून एकेकटे रांगेत उभे आहेत.

काय करता येईल

त्यांना एकत्र आणणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेली रोग्यांच्या हक्कांची सनद केंद्र सरकारने २०१८ साली प्रसिद्ध केली. तीत माहितीचा हक्क अग्रभागी आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या जानेवारीत सुधारलेल्या शुश्रूषागृह नियमांनुसार रोग्यांच्या हक्कांची सनद खासगी रुग्णालयांनी दर्शनी भागी लावायची आहे. ती लावली आहे काय, मराठीत आहे काय, हे प्रत्येक तालुक्यात जाऊन पाहता येईल. रोग्याने वा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने कागदपत्रे मागितल्यास ती ७२ तासांत दिली पाहिजेत, हा नियम २००२ पासून आहे. त्याप्रमाणे अर्ज करण्याची सवय वस्तीवस्तीत लावता येईल. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात पगारवाढीच्या कलमाखाली आणखी एक कलम घालावे: दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, क्ष-किरण चित्रासह, कामगाराच्या हाती आणि त्याच्या भाषेत. जिल्हा रुग्णालयांतील रिकाम्या जागा भराव्यात आणि गंभीर आजारांसाठी समुपदेशक व एक बंद दाराची खोली असावी, ही मागणी तर मोर्च्यात नेण्याजोगी आहे. ऊसतोड स्त्रियांच्या टोळ्या दसऱ्यानंतर निघण्यापूर्वीच, पिशवी काढण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचे मत सरकारी रुग्णालयात घ्यावे, एवढे जरी फडाफडापर्यंत पोहोचले, तरी पुष्कळ शरीरे वाचतील.

संघटनेच्या कामात रोजी, पगार, जमीन यांचा हिशेब मागण्याची सवय श्रमिकांना लागली. शरीराचा हिशेब मात्र अजून डॉक्टरच्या, मालकाच्या आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या वहीत राहिला आहे. ‘मला काय झाले आहे, ते मला सांगा’ हे वाक्य डोळे वर करून उच्चारायला ज्या दिवशी खाणीतला मजूर आणि फडावरची बाई शिकेल, त्या दिवशी दाराबाहेर बसवण्याची ही रीत आपोआप मोडू लागेल. ते वाक्य त्यांच्या ओठी यावे, यासाठी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर कोणीतरी रांगेत उभे राहावे लागेल.